उताणा पडला की पालथा?

मराठीत लिहायला शिकवणाऱ्या लोकांत सध्या एक वाद चालू आहे आणि तो दोन्ही बाजूंनी फार ढिसाळपणे घातला जातो आहे. एक बाजू लेखन कार्यशाळांची, संपादकांची, अनुवाद करणाऱ्यांची. त्यांचं सांगणं एका दमात संपतं: विशेषणं कापा, क्रियाविशेषणं उडवा, दणकट क्रियापद शोधा. दुसरी बाजू शाळेची. तिथे निबंधाच्या गाइडांत 'प्रभावी विशेषणां'च्या याद्या असतात, मुलं त्या पाठ करतात आणि भाषासौंदर्याचे गुण त्यांनाच मिळतात. एकाला दुसरा फुलोरा वाटतो, दुसऱ्याला पहिला कोरडा. पण दोघांनीही एक गोष्ट न तपासताच धरून ठेवली आहे: विशेषण म्हणजे दागिना. भांडण आहे ते फक्त दागिना घालावा की उतरवून ठेवावा याचं. मला हे मूळ गृहीतच चूक वाटतं. शरीराने केलेली एखादी कृती आपण लिहितो, तेव्हा ती कशी घडली हे सांगणारा शब्द त्या घटनेचाच भाग असतो. तो काढला की वाक्य सडपातळ होत नाही, अर्धवट होतं; आणि चुकीचा घातला तर वाक्य खोटं होतं. म्हणून विशेषणं किती असावीत या हिशोबाला माझ्या लेखी फारसा अर्थ नाही. लिहिणारा पाहिलेलं सांगतो आहे की न पाहताच शेरा मारतो आहे, एवढंच मला तपासावंसं वाटतं.

कुस्तीचा फड घ्या. पैलवान पडला. पुढे? उताणा पडला असेल, दोन्ही खांदे मातीला लागले असतील, तर कुस्ती तिथेच संपली. हलगी कडाडेल, जिंकणाऱ्याला लोक खांद्यावर घेतील. पालथा पडला असेल तर खरी कुस्ती आता सुरू होते. वरचा कब्जा घेईल, घिस्सा मारायला बघेल, एकचाक लावेल. खालचा छाती मातीला लावून, कोपरं अंगाशी आवळून निसटायची संधी शोधेल. 'उताणा' आणि 'पालथा' ही व्याकरणाने शुद्ध विशेषणं आहेत, लिंगवचनाप्रमाणे बदलणारी: तो उताणा पडला, ती उताणी पडली, दोघे उताणे पडले. विशेषणं कापायचा नियम इथे इमानाने पाळला तर कोण हरलं हेच वाचकाला कळणार नाही. आणि ही जोडी काही एकटी नाही. उपडा, आडवा, ओणवा, उकिडवा, तिरपा, पाठमोरा: शरीराच्या ठेवणीसाठी मराठीने विशेषणांचा अख्खा संच जपलेला आहे. तान्हं मूल 'पालथं पडायला लागलं' असं आपण म्हणतो तेव्हा त्या 'पालथं'मध्ये सगळी बातमी असते. दारात कुणी उकिडवा बसला आहे म्हटलं की तो उठून निघायच्या बेतात आहे हे कळतं, आणि फतकल मारून बसला आहे म्हटलं की तो आता लवकर हलत नाही हेही कळतं. यात दागिना कुठला?

आता त्याच कुस्तीची दुसऱ्या दिवशीची बातमी वाचा. 'चित्तथरारक लढतीत', 'प्रेक्षणीय डावावर', 'डोळ्यांचे पारणे फेडणारी', 'अस्मान दाखवले'. डाव कोणता होता? ढाक, कलाजंग, धोबीपछाड, की पट काढून खाली घेतलं? पकड मानेवर होती की कमरेला? पडणारा कोणत्या बाजूने गेला? काही पत्ता नाही. 'थरारक', 'नेत्रदीपक', 'जबरदस्त' ही विशेषणं वरवर कुस्तीला लागलेली दिसतात, पण बोलतात बातमीदाराच्या मनःस्थितीबद्दल. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात १९१२ पासून कुस्त्या होताहेत, महाराष्ट्र केसरीचा किताब १९६१ पासून दिला जातो आहे. आणि तरी मी वाचलेल्या कुस्तीच्या बातम्यांपैकी फार थोड्यांतून मला एखाद्या पैलवानाचा डाव डोळ्यांसमोर उभा करता आला. हा मला भाषेचा मोठा तोटा वाटतो, कारण तालमीतल्या वस्तादाकडे यातल्या प्रत्येक हालचालीला शब्द आहे. तो शब्द छापखान्यापर्यंत पोचताना शेऱ्याखाली गाडला जातो. विशेषणांवर चिडणाऱ्यांचा राग इथून आलेला आहे आणि तो रास्त आहे.

त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा झिजण्याचा. कृती सांगणारे शब्द फार लवकर गुळगुळीत होतात. याचा पुरावा कथा-कादंबऱ्यांत शोधायची गरज नाही, तो पोलीस ठाण्यात मिळतो. अपघाताच्या फिर्यादीतलं वाक्य महाराष्ट्रभर जवळपास सारखंच असतं: वाहन 'भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून' चालवलं. गाडी चालवणं हा गुन्हा नाही. बेदरकारपणे चालवणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं २७९ कलम होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २८१ आहे. म्हणजे अख्खा गुन्हा कृतीच्या रीतीत, एका क्रियाविशेषणात भरलेला आहे. आणि नेमकं तेच इतक्या वेळा, इतक्या साच्याने लिहिलं जातं की त्यातून रस्ता, वळण, गाडी काहीच दिसेनासं होतं. १९९८ साली कर्नाटकातल्या एका ट्रक अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यावर बोट ठेवलं. ट्रक अतिवेगात होता असं साक्षीदारांनी सांगितलं होतं, पण अतिवेग म्हणजे त्यांच्या मते किती, हे अंदाजानेही कुणाला सांगता आलं नव्हतं. अतिवेग हा सापेक्ष शब्द आहे, नुसत्या त्या शब्दावरून बेदरकारपणा किंवा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, असं न्यायालयाने म्हटलं आणि चालकाची सुटका कायम ठेवली.

विशेषण कापणारे म्हणतील, पाहा, न्यायालयसुद्धा आमच्या बाजूचं. तसं नाही. न्यायालयाने शब्द खोडायला सांगितलं नाही, त्या शब्दामागे काय पाहिलं ते विचारलं. कुठल्याही अपघाताचा साक्षीदार घ्या. वळणावर डावीकडची चाकं उचललेली दिसली, हौद्यातली माणसं एका अंगाला फेकली गेली, पुलाचा अरुंद तोंडाचा भाग आला तरी गाडीचा आवाज उतरला नाही, असं तो बोलू लागला तर 'डावीकडची', 'फेकली गेली', 'अरुंद' हे शब्द काम करतात. 'भरधाव' हा शब्दही एकेकाळी काम करत होता. घोड्याला लगाम मोकळा सोडून दौडवणारा स्वार त्यात दिसत असणार. आज तो न पाहता लिहिता येतो. जो शब्द जागेवर न जाता, घटना न पाहता लिहिता येतो, त्यावर माझा भरवसा नाही. पण त्याचं उत्तर रिकामं वाक्य हे नव्हे.

दुसरा मुद्दा याहून अडचणीचा आहे आणि मराठीतल्या या वादात तो कुणी मांडताना दिसत नाही. ठसठशीत शब्द पाहिलेलं दाखवतो तसा न पाहिलेलं घडवतोही. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरींच्या फिल्म दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. प्रश्न तोच ठेवून त्यातलं क्रियापद तेवढं बदललं. गाड्या एकमेकींवर आदळून चेंदामेंदा झाल्या अशा अर्थाचं क्रियापद ऐकलेल्यांनी ताशी सुमारे ४० मैल वेग सांगितला. एकमेकींना लागल्या असं ऐकलेल्यांनी सुमारे ३२. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, काचा फुटलेल्या पाहिल्यात का? फिल्ममध्ये फुटकी काच नव्हतीच, पण दणदणीत क्रियापद ऐकलेल्यांपैकी जास्त जणांना ती आठवली. जिवंत वर्णन म्हणजे खरं वर्णन नव्हे, हे मला यातून पूर्ण मान्य करावं लागतं. पण या प्रयोगात फसवलं कुणी? विशेषणाने नाही, क्रियापदाने. 'दणकट क्रियापद वापरा' हा उपाय या रोगावर लागूच पडत नाही. मोर्चा कचेरीवर 'आला', 'चालून आला', 'धडकला', 'तुटून पडला' यांत एकही विशेषण नाही. तरी पहिल्या वाक्यातली माणसं शेवटच्या वाक्यात गुन्हेगार होतात. शेरा कोणत्याही शब्दजातीत लपू शकतो. मग एकाच जातीला पकडून शिक्षा का करायची?

त्यासाठी हा नियम आला कुठून ते पाहायला हवं. तो इंग्रजीतून आला. मार्क ट्वेन यांनी १८८० साली एका शाळकरी मुलाला लिहिलेल्या पत्रात विशेषण सापडलं की त्याला मारून टाक, असा सल्ला दिला होता. लगेच पुढे त्यांनीच सावरलं होतं की अगदी सगळी नव्हे, बहुतेक मार, म्हणजे उरलेल्यांना मोल येईल. आपल्याकडे पहिलं वाक्य पोचलं, दुसरं वाटेत राहिलं. आणि इंग्रजीला हा सल्ला परवडतो याचं कारण त्या भाषेच्या घडणीत आहे. लेनर्ड टाल्मी या भाषावैज्ञानिकांनी १९८५ साली भाषांमधला एक फरक नीट मांडला: काही भाषांत हालचालीची रीत क्रियापदातच भरलेली असते आणि दिशा बाहेरच्या लहान शब्दाने सांगतात, काही भाषांत क्रियापद दिशा सांगतं आणि रीत बाहेर येते. इंग्रजी पहिल्या गटातली. मराठी वाक्य बोलून पाहा: तो लंगडत आत आला. ती धावत जिना उतरली. पोरगं सरपटत खाटेखाली शिरलं. 'आला', 'उतरली', 'शिरलं' ही क्रियापदं वाट सांगतात. शरीर कसं हललं ते शेजारच्या शब्दात आहे. तो शेजारचा शब्द उडवला तर मराठी वाक्याचं शरीरच नाहीसं होतं.

मराठीत रीत सांगणारी क्रियापदं नाहीत असं मी म्हणत नाही. भिरकावणे, झेपावणे, ठेचकाळणे, हिसडणे, खुरडणे, हिंदकळणे, रेंगाळणे: चांगली भरपूर आहेत आणि आळसाने वापरली जात नाहीत. 'रागाने जोरात फेकलं' लिहिणाऱ्याला 'भिरकावलं' का सुचलं नाही, हे विचारायलाच हवं. पण नुसत्या चालण्याचं बघा. तुरुतुरु चालणं, झपाझप चालणं, पाय ओढत चालणं, लांब ढांगा टाकत, चवड्यांवर, डुलत, लटपटत, दुडक्या चालीने. म्हातारी तुरुतुरु आली आणि म्हातारी पाय ओढत आली, या दोन वेगळ्या म्हाताऱ्या आहेत. एकीच्या गुडघ्यांत अजून जीव आहे. या दोघींना वेगळं करणारं एकेरी क्रियापद मराठीने घडवलं नाही, कारण तिला त्याची गरज पडली नाही.

तिला गरज का पडली नाही, तर तिच्याकडे याहून बारीक हत्यार होतं. शाळेच्या व्याकरणात अभ्यस्त, म्हणजे पुनरुक्तीने बनलेल्या, शब्दांच्या कोपऱ्यात 'अनुकरणवाचक' म्हणून ज्यांची बोळवण होते, ते शब्द. 'धप' घ्या. धपकन म्हणजे एकदाच आणि क्षणात. धपधप म्हणजे तेच सारखं चालू. धपाधप म्हणजे एकामागोमाग एक, घाईने, बहुधा मारणाऱ्याच्या हातून. 'टप' घेतलं की वजन उतरलं: थेंब टपकन पडतो, पोतं धपकन. पटकन, पटपट, पटापट. खटकन, खटखट, खटाखट. शेवटचा -कन कृती एका ठोक्यात बंद करतो, पुनरुक्ती ती चालू ठेवते, मधला 'आ' तिला वेग देतो. एकदा घडलं की वारंवार, हलकं की जड, सावकाश की घाईने, एवढं सगळं चार अक्षरांत. मासा हातातून सुळकन जातो, पोरगं माडावर सरसर चढतं, तहानेला माणूस गटागट पितो. यांपैकी कोणता शब्द काढून वाक्य सुधारेल?

यावरचा नेहमीचा आक्षेप असा की हे शब्द बालगोष्टींचे, विनोदी लेखनाचे. गंभीर गद्यात ते पोरकट वाटतात. वाटतात, हे मीही नाकारत नाही. पण ते तसे जन्मतः नाहीत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची. -कन, -कर, -दिनी, -दिशी अशी या शब्दांची भावंडं त्यात पुरत्या मानाने नोंदवलेली आहेत. मरी एमेनो या भाषावैज्ञानिकांनी १९६९ साली दाखवून दिलं की अशा शब्दांची ही रीत भारतातल्या द्रविड आणि आर्य भाषांनी मिळून वाढवलेली आहे. म्हणजे ती या भूभागाचीच एक खूण आहे. माझा समज असा की एकोणिसाव्या शतकात आपलं छापील गद्य संस्कृत आणि इंग्रजी या दोन्हींकडे बघून प्रौढ व्हायला निघालं, तेव्हा हे शब्द ओसरीवर राहिले. त्याआधीचं गद्य त्यांना लाजत नव्हतं. सतराव्या शतकाच्या अखेरीस कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिलेल्या बखरीत अफझलखानाच्या भेटीचा प्रसंग आहे. खानाने महाराजांची मान काखेत दाबली आणि जमदाड, म्हणजे कट्यार, कुशीत चालवली. ती अंगातल्या जरीच्या कुडत्यावर 'खरखरली', अंगाला लागली नाही. महाराष्ट्राच्या इतिहासातल्या सर्वांत गंभीर क्षणांपैकी हा एक. तो सांगताना सभासदाने ना 'भीषण' वापरलं, ना 'विश्वासघातकी'. कुडत्यावर पोलाद घासल्याचा आवाज तेवढा दिला. त्या एका शब्दात महाराज का वाचले तेही आलं. अनुकरणवाचक शब्दाचंच ते क्रियापद झालेलं आहे. याला पोरकट कोण म्हणेल?

तरी एक गोष्ट उरते. मराठीतलं सर्वांत जुनं मोठं गद्य, चक्रधरस्वामींच्या आठवणींचं तेराव्या शतकातलं लीळाचरित्र, जवळजवळ उघडं आहे. छोटी वाक्यं, साधी क्रियापदं, आणि प्रसंग उभा राहतो. मग विशेषणाची गरज कुठे राहिली? माझं उत्तर असं की म्हाइंभटांनी त्या आठवणी चक्रधरांना पाहिलेल्या माणसांकडून गोळा केल्या. एकेक लीळा जागेची, माणसांची, बोलण्याची नेमकी खूण घेऊन येते, आणि तिच्यामागे पाहणारा डोळा आहे. उघडं गद्य त्या डोळ्यामुळे तरतं. पाहिलेलंच नसेल तर उघडं वाक्य आणि सजवलेलं वाक्य सारखंच पोकळ. ज्यांना दोन्ही रीती एकत्र बघायच्या आहेत त्यांनी लहानपणी पाठ केलेलं मारुतीस्तोत्र पुन्हा म्हणून पाहावं. मारुतीचा देह सांगताना रामदास विशेषणं भरभरून देतात: पर्वताएवढा, आणि तरी 'नेटका सडपातळू'. पर्वत आणि सडपातळ हे दोन्ही एका देहात बसवणं हे विशेषणांचंच काम आहे. मग द्रोणागिरी आणायची वेळ येते आणि ओळ अशी होते: 'आणिला मागुती नेला, आला गेला मनोगती'. एका ओळीत चार क्रियापदं, विशेषण एकही नाही, कारण त्या वेगाला बघायला थांबायला कुणाला सवड नाही. कुठे थांबायचं आणि कुठे नाही, हे रामदासांना ठाऊक होतं. नियमाने हे येत नाही.

नेमका शब्द निवडायचा म्हणजे काय करायचं, याबद्दल दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली: कृतीला लागणारी मराठीतली उत्तम विशेषणं बहुधा क्रियापदांतूनच निघालेली असतात. निसटता स्पर्श, ओझरती नजर, झुकतं माप, उडती भेट. त्यांच्या पोटात हालचाल आधीच असते, म्हणून ती कृती थांबवत नाहीत. 'वेगवान उडी'तलं 'वेगवान' बाहेरून चिकटवलेलं राहतं. दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. कृती दाखवायला विशेषण कृतीलाच लावावं असं नाही. ज्या वस्तूशी शरीर झटतं आहे तिला लावून पाहावं. 'तिने मोठ्या कष्टाने पोहरा ओढला' यातले कष्ट आपण मान्य करतो, पाहत नाही. 'तिने ओल्या दोराने भरला पोहरा ओढला' यात कष्टाचं नाव नाही, पण ओला दोर हातातून सरकतो, मूठ आवळावी लागते, भरला पोहरा हिंदकळून कठड्याला लागतो. 'ओला' आणि 'भरला' ही दोन साधी विशेषणं. बोथट विळ्याने गवत कापणं, गुळगुळीत फरशीवरून चालणं, आखूड दांड्याच्या कुदळीने खणणं: पाठ किती वाकली ते सांगायची गरज राहत नाही. तालमीत ताक, तेल, हळद घालून मऊ केलेल्या मातीवर पडणं आणि मॅटवर पडणं यांतला फरकही असाच जमिनीच्या विशेषणातून कळतो. कुस्तीच्या बातमीला एवढी जागा सहज देता येईल.

शाळांकडे मी या वादात सगळ्यांत जास्त आशेने बघतो, कारण विशेषणांवर त्यांचं प्रेम तरी आहे; ते फक्त चुकीच्या जागी लागलं आहे. मुलांना 'अवर्णनीय', 'मनमोहक', 'अविस्मरणीय' पाठ करायला लावण्याऐवजी वर्गातल्या कुणाला तरी पाण्याने भरलेली बादली उचलून दारापर्यंत न्यायला सांगावं आणि बाकीच्यांनी बघून लिहावं. खांदा कोणत्या बाजूला खाली गेला? मोकळा हात कुठे होता? पावलं लांब पडली की आखूड? पाणी डचमळलं तेव्हा पाय थांबले की नाही? मग घरी आजी बादली उचलते तेव्हा तेच बघावं. 'आजीने जड बादली अत्यंत कष्टाने उचलली' आणि 'बादली उजव्या हातात घेऊन आजी डावीकडे कललेली, आखूड पावलं टाकत चालली, तिचा रिकामा हात लांब बाहेर गेला होता' या दोन उत्तरांत परीक्षकाने गुण कशाला द्यायचे हे शिक्षकांच्या मार्गदर्शक सूचनांत लिहून दिलं पाहिजे. दुसऱ्या उत्तरात विशेषणं कमी नाहीत: उजवा, कललेली, आखूड, रिकामा. कार्यशाळेतला संपादक त्यातलं कोणतं काढणार, आणि काढल्यावर आजीची चाल तशीच राहील का, हे त्याने करून दाखवावं.